गाडी कराच, पण गावातली करा

जुलै उजाडला की डिलाईल रोडवरच्या प्रत्येक गावकरी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच प्रश्न फिरायला लागतो. "गणपतीक गाडी करूया काय?"

यंदा चतुर्थी १४ सप्टेंबरला, सोमवारी आली आहे. शनिवार-रविवार जोडून आलाय. म्हणजे शुक्रवारी ११ तारखेच्या रात्री अर्धी मुंबई एकाच वेळी पनवेलच्या दिशेने निघणार. रेल्वेचं आरक्षण सध्या ६० दिवस आधी उघडतं. त्या हिशोबाने ११ तारखेच्या गाडीचं बुकिंग १३ जुलैला सकाळी ८ वाजता. ८ वाजून ५ मिनिटांनी स्क्रीनवर काय दिसतं, ते तुम्हाला मी सांगायला नको. मग उरतात दोन वाटा. एसटी नाहीतर भाड्याची गाडी.

मी कणकवली तालुक्यात बातमीदारी करतो. पत्रकारितेचा डिप्लोमा मात्र मुंबईत केला, डिलाईल रोडला काकांच्या खोलीत राहून. त्यामुळे हा प्रवास सुटतो ते टोक मला माहीत आहे आणि पोचतो ते टोक तर रोज डोळ्यांसमोर आहे. म्हणून यावर जरा सविस्तर लिहितोय. लांब आहे, पण बुकिंग करायच्या आधी वाचा.

आधी पैशांचा हिशोब. आमच्या चुलत भावाचं घर धरू. दादा, वहिनी, कॉलेजात जाणारा मुलगा, दहा वर्षांची मुलगी आणि ७६ वर्षांची काकी. पाच माणसं. डिलाईल रोडपासून आमची वाडी साडेचारशे किलोमीटरच्या आसपास.

साध्या एसटीचं तिकीट माणशी साधारण साडेसातशे. बायकांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट. पंच्याहत्तरीच्या पुढे ऑगस्ट २०२२ पासून फुकट. म्हणजे दादा आणि मुलगा दीड हजार, वहिनी आणि मुलगी मिळून साडेसातशे, काकी शून्य. एकूण २,२५०. जाऊन येऊन साडेचार हजार. रेल्वेचं स्लीपरचं तिकीट मिळालंच, तर मोठ्या माणसाला एसटीपेक्षाही स्वस्त.

आता गाडी. सात सीटर गाडीचा दर किलोमीटरला १५ रुपये धरा. सणाला याहून जास्तच सांगतात. गाडीवाला तुम्हाला सोडून रिकामा परत येतो, त्याचे पैसे तुमच्याकडूनच घेतो. म्हणजे सोडायला ९०० किलोमीटर, आणायला ९००. १,८०० गुणिले १५, म्हणजे २७,००० रुपये. वर ड्रायव्हरचा भत्ता आणि वाटेतलं जेवण. सात दिवस गाडी जवळ ठेवली तर रोजचे किमान ३०० किलोमीटर लावतात, तो आकडा ३१,५०० वर जातो. स्वतः चालवायची गाडी घेतली तर दिवसाचं भाडं, डिपॉझिट, पेट्रोल धरून फार वेगळं काही होत नाही.

फरक २२ हजारांचा. बऱ्याच घरांत तेवढ्यात मखर, मूर्ती, भजनाची उसळ-पाव आणि पाहुण्यांचा चहा धरून अख्खा गणपती होतो.

तरीही माणसं गाडी करतात. कर्ज काढून करतात. का?

आमच्याकडचे काही शहाणे म्हणतात, "लोकांना शो करायचा असतो." मला हे पटत नाही. मागच्या वर्षी दादाने काकीला विचारलं, "आये, रेल्वेचं तिकीट मिळतंय, जाऊया का?" काकीने एका वाक्यात विषय संपवला. "मेल्या, स्टेशनाकडसून घराक माका कोण नेतलो?"

मला तर वाटतं, कोकणच्या वाहतुकीवर मी आजवर वाचलेल्या सगळ्या अहवालांपेक्षा हे वाक्य मोठं आहे.

डिलाईल रोड ते कणकवली हा प्रवास त्रासाचा आहे, पण तो होतो. रेल्वेने होतो, एसटीने होतो. माणूस अडतो तो पुढच्या १५-१८ किलोमीटरवर. कोकण रेल्वेची बरीच स्टेशनं गावाबाहेर आहेत. स्टेशनचं नाव राजापूर रोड, आणि राजापूर शहर तिथून पंधरा किलोमीटरच्या वर. सावंतवाडीचं स्टेशनही शहराच्या बाहेर. त्यात गणपती स्पेशल गाड्या जिथे फट मिळेल तिथे घुसवलेल्या असतात. रोहा ते वीर एवढाच टप्पा दुपदरी झालाय, पुढे एकेरी मार्ग. त्यामुळे स्पेशल गाडी थांबत थांबत कधी रात्री दोनला पोचते, कधी साडेतीनला.

आमच्याकडच्या एका स्टेशनवर मी हे दरवर्षी बघतो. पहाटे साडेतीनला दोन-अडीचशे माणसं उतरतात. बाहेर पंधरा-वीस रिक्षा. दर मागेल तो. ज्यांना परवडतं ते जातात. बाकीचे प्लॅटफॉर्मवर चादर अंथरून, पोरांना मांडीवर घेऊन पहिल्या एसटीची वाट बघत बसतात. ती सहानंतर येते आणि वाडीच्या फाट्यापर्यंतच जाते. फाट्यापासून पुढे सामान डोक्यावर. ७६ वर्षांच्या बाईने हे करायचं? म्हणून दादा २७ हजार मोजतो. त्यातले ४३० किलोमीटरचे पैसे तो नाइलाजाने देतो. त्याला खरी गाडी हवी असते ती शेवटच्या अठरा किलोमीटरसाठी.

जुन्या लोकांना विचारा, हे नेहमीच असं नव्हतं. मुंबईहून बोटीने जायचे तेव्हा बंदरात पडाव लागायचा, पुढे बैलगाडी किंवा पायी. हाल होते, पण पुढची सोय काय ते ठरलेलं असायचं. मग एसटी आली आणि तिने एक मोठी गोष्ट केली. वस्तीची गाडी. संध्याकाळी उशिरा तालुक्यावरून सुटून गावात मुक्कामाला यायची, ड्रायव्हर-कंडक्टर गावातच झोपायचे, पहाटे पहिली फेरी घेऊन निघायचे. मुंबईची गाडी तालुक्याला पोचायची आणि वस्तीची गाडी तिथून उचलायची. २६ जानेवारी १९९८ पासून कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर धावू लागली, तेव्हा तर वाटलं, आता सगळंच सुटलं.

पुढे झालं उलट. मुंबईचा प्रवास सुधारत गेला आणि गावातली फेरी आटत गेली. कोरोनात गाड्या थांबल्या. त्यानंतर २०२१ च्या अखेरीपासून एप्रिल २०२२ पर्यंत एसटीचा लांबलेला संप. त्यातून गाड्या परत सुरू झाल्या, पण आमच्या भागातल्या कितीतरी वस्तीच्या गाड्या परत आल्याच नाहीत. एकेकाळी महामंडळाकडे अठरा हजारांच्या आसपास बस होत्या, आता पंधरा हजारांच्या आतबाहेर. कमी गाड्यांत काय तोडतात? जिथे आवाज कमी, ते तोडतात. वाडीचा आवाज कमीच असतो.

आणि हा प्रश्न अकरा दिवसांचा नाही बरं का. गावातल्या पाचवी ते बारावीच्या मुलींना एसटीचा पास फुकट आहे. चांगली योजना आहे. पण ज्या वाडीत गाडीच जात नाही, तिथली मुलगी तो पास घेऊन फाट्यापर्यंत चालतच जाते. काकीचं तिकीट मुंबई ते कणकवली माफ, आणि त्यापुढच्या रिक्षाला आठशे रुपये. सवलत तिकिटावर आहे, आणि अडचण तिकीट जिथे संपतं त्याच्या पुढे आहे.

आता डिलाईल रोडकडे या. इथे एक वेगळी गोष्ट घडते आहे, तिच्यावर फारसं कोणी बोलत नाही.

गिरण्यांच्या काळात गावाकडचा माणूस मुंबईत गावासकट राहायचा. एका चाळीत एका वाडीची पंधरा-वीस बिऱ्हाडं, मंडळाची खोली, खानावळ. अपोलो मिलच्या भोंग्यावर उठणारी माणसं गणपतीला एकत्र निघायची. एसटीचं गट आरक्षण याच माणसांमुळे चाललं. चाळीसेक माणसांची यादी केली, पैसे गोळा केले, की एसटी चाळीखाली उभी राहायची आणि थेट गावात जायची. स्टेशन नाही, फाटा नाही, रिक्षा नाही. काकीच्या प्रश्नाचं इतकं सोपं उत्तर पुन्हा कोणी दिलेलं नाही.

पण त्या यादीला एक चाळ लागायची. १९८२ चा संप झाला, गिरण्या गेल्या, पोरं कल्याण, डोंबिवली, विरार, बदलापूरला पांगली. आता बीडीडीचा पुनर्विकास चालू आहे. घर मिळतंय याचा आनंद आहेच, कोणी नाकारणार नाही. पण मधल्या काळात काही बिऱ्हाडं संक्रमण शिबिरात, काही भाड्याच्या घरात. एका वाडीची चाळीस माणसं आता सहा स्टेशनांवर राहतात. बस उभी कुठे करायची? त्यातून "आपली आपण गाडी करू" सुरू झालं. गाडी करणं ही श्रीमंती आहे असं वरून दिसतं. आतून बघितलं तर चाळ मोडल्याची ती किंमत आहे.

२०२५ ला महामंडळाने एकेरी गट आरक्षणावर ३० टक्के जादा भाडं लावायचं ठरवलं. कारण तेच, बस रिकामी परत येते. ओरड झाली आणि ती वाढ मागे घेतली, बरं झालं. पण त्यातला हिशोब बघा. रिकाम्या परतीचे पैसे एसटी मागते तेव्हा आपण भांडतो. खाजगी गाडीवाला तेच पैसे घेतो, तेव्हा आपण गुपचूप देतो.

आता जरा बाहेरचं उदाहरण. आमचा एक भाचा लोअर परळला मोठ्या ऑफिसात आहे. त्याने नवरा-बायकोची इटलीची ट्रिप आखली, महिनाभर डोकं लावून. रोम ते फ्लॉरेन्स वेगवान ट्रेन, दीड तासाच्या आसपास. फ्लॉरेन्स ते व्हेनिस ट्रेन. भाड्याची गाडी का नको, तर म्हणाला, "मामा, तिथल्या जुन्या शहरांत बाहेरच्या गाड्यांना बंदी असलेले भाग असतात. कॅमेरे लावलेत. चुकून शिरलं की दंड थेट घरी येतो. आणि व्हेनिसमध्ये तर गाडी आत जातच नाही, वेशीवर ठेवावी लागते." गाडी त्याने घेतली फक्त दोन दिवस, टस्कनीतल्या डोंगरावरच्या गावांसाठी, कारण तिकडे बस कमी आणि रविवारी तर फारच कमी. तीही फ्लॉरेन्सला उतरल्यावर तिथूनच घेतली. रोमपासून हाकत नेली नाही.

मी त्याला म्हटलं, मग गावाला जाताना मुंबईपासून गाडी का करतोस? तो हसला. पण उत्तर त्याच्याकडे होतं आणि ते बरोबर होतं. "तिथे फ्लॉरेन्सला उतरल्यावर पुढे काय, ते मला घरात बसून कळलं. गाडी किती वाजता, भाडं किती, सगळं. आपल्या स्टेशनवर उतरल्यावर पुढे काय, ते मला अजून माहीत नाही."

इटलीतही खेड्यात बस कमीच आहे. फरक एवढाच की लांबचा पल्ला ट्रेनने आणि शेवटचा तुकडा गाडीने, ही जोडणी माणसाला आधी दिसते. दिसली की तो शहाण्यासारखा निवडतो. आपल्याकडे जोडणी दिसत नाही, म्हणून माणूस घाबरून निवडतो.

सरकार काय करतं? गणपतीत टोलमाफीचे पास देतं. २०२५ ला पाच हजार जादा एसटी जाहीर केल्या. तो आकडा लहान नाही, पण त्यासाठी बाकीच्या महाराष्ट्रातल्या आगारांतून गाड्या ओढाव्या लागतात हेही खरं. मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण पनवेल-इंदापूर टप्प्यात २०११ ला सुरू झालं, आणि मागच्या गणपतीलाही माणगाव-इंदापूरला माणसं तासनतास अडकलीच. मागच्याच वर्षी कोकण रेल्वेने कार रेल्वेवर चढवून न्यायची सेवा काढली, कोलाड ते वेर्णा. एका कारचे ७,८७५ रुपये, प्रवास बारा तासांचा, सोबत तीनच माणसं, आणि कोलाडपर्यंत गाडी आपणच हाकायची. प्रतिसाद अगदी थोडा मिळाला. मिळणार कसा? रेल्वेने कार नेण्याची सोय झाली, आणि रेल्वेने उतरलेल्या बाईला घरी नेण्याची सोय तशीच राहिली.

एक एसटी ४४ माणसं नेते. तीच माणसं पाच-पाच करून निघाली तर नऊ गाड्या. एका वाडीमागे रस्त्यावर नऊ गाड्या. रस्ता कितीही रुंद करा, या गुणाकाराला पुरणार नाही. आणि त्या कोंडीत एसटीही अडकते. म्हणजे जो गाडी करू शकत नाही, तोही गाड्यांची किंमत भरतो.

दोन गोष्टी गाडी करणाऱ्यांच्या जिवाच्या आहेत, त्या सांगतोच.

एक, नंबरप्लेट बघा. पांढऱ्या पाटीवर काळी अक्षरं म्हणजे खाजगी गाडी, ती भाड्याने देता येत नाही. पिवळ्या पाटीवर काळी अक्षरं म्हणजे ड्रायव्हरसकट भाड्याची. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं म्हणजे स्वतः चालवायला भाड्याने. सणात ओळखीतल्या पांढऱ्या पाटीच्या गाड्या सर्रास धावतात. काही झालं तर विमा कंपनी हात वर करू शकते, आणि मग ओळख कामाला येत नाही.

दोन, ड्रायव्हरला विचारा की कालची रात्र तो झोपला होता का. चतुर्थीच्या आधीच्या तीन-चार रात्री अनेक ड्रायव्हर सोडून आले की लगेच पुढची पार्टी घेऊन निघतात. घाटात त्याचा डोळा लागला तर तुम्ही दिलेले २७ हजार कोणाच्याच उपयोगाचे नाहीत.

कोणी म्हणेल, ज्याच्या घरात आजारी माणूस आहे, तान्हं मूल आहे, त्याने काय करायचं? त्याने मुंबईपासून गाडी करावी. खुशाल करावी. त्याला मी नावं ठेवणार नाही. चौदा-पंधरा तास एसटीत बसणं, वाटेत धड शौचालय नाही, हे बाईमाणसाला काय पडतं ते मला माहीत आहे. पण ज्यांना खरी गरज आहे त्यांच्यासाठी तरी रस्ता मोकळा हवा ना?

म्हणून यंदा मंडळांना माझं सांगणं एकच. गाडी कराच, पण गावातली करा.

तिकीट रेल्वेचं मिळो नाहीतर एसटीचं, जसं मिळेल तसं काढा. मंडळाने एक यादी करावी, कोण कुठल्या गाडीने, किती वाजता, कुठल्या स्टेशनला उतरणार. आणि गावातल्या दोन-तीन गाडीवाल्यांना आधीच ठरवावं. इको असेल, मॅजिक असेल, रिक्षा असेल. दर आधी ठरवायचा, गाडी स्टेशनवर उभी. अठरा किलोमीटर, एका गाडीत सात-आठ माणसं, माणशी शंभर-दीडशे रुपये. पैसे गावात राहतात. ड्रायव्हर घरी झोपून आलेला असतो. काकीला नाव घेऊन हाक मारणारा माणूस स्टेशनवर असतो. चाळ मोडली असेल, यादी मोडायची गरज नाही. पूर्वी यादी चाळीखाली जमायची, आता ती स्टेशनबाहेर जमू दे.

आणि आपल्या आमदार-खासदारांकडे टोलमाफीच्या पासाबरोबर या तीन गोष्टी मागा. गणपतीत प्रत्येक स्पेशल गाडीला, ती रात्री कितीही वाजता येवो, स्टेशनपासून मोठ्या गावांपर्यंत एसटी हवी, आणि तिचं वेळापत्रक रेल्वेचं बुकिंग उघडायच्या आधी जाहीर हवं. प्रत्येक स्टेशनवर रिक्षाचा गावनिहाय दरफलक हवा आणि शेजारी तो पाळायला लावणारा माणूस हवा. आणि गणपती संपल्यावरही राहील अशी वस्तीची गाडी परत हवी. पहिल्या दोन अकरा दिवसांच्या आहेत. तिसरी बाराही महिने गावात राहणाऱ्यांची आहे, आणि गावात आता जास्त करून म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं उरलीत.

१३ जुलैला अजून वेळ आहे. ग्रुपवर "गाडी करूया काय" हा मेसेज आला की त्याखाली एवढंच विचारा, "खयसून?" कुठून? मुंबईपासून की स्टेशनपासून? २२ हजारांचा फरक त्या एका शब्दात आहे.

तुमच्या गावाला वस्तीची गाडी अजून येते का, आणि बंद झाली असेल तर कधीपासून, ते गावाच्या नावासकट खाली लिहा. यादी करून आगारात नेऊन देतो.